पाचट कोणाचे? जमिनीचे, बॉयलरचे, की आगीचे?



हंगाम सरत आला की आपल्या कार्यक्षेत्रात एक देखावा दरसाल दिसतो. टोळी फडातून बाहेर पडते, शेवटची मोळी गाडीत चढते, वाढे जनावरांच्या दावणीला जाते आणि दिवस मावळता मावळता कुठल्या तरी कोपऱ्यात काडी पडते. अर्ध्या तासात एकरभर पाचटाची राख होते. दुसऱ्या दिवशी रान मोकळे, मालकही मोकळा.

काडीपेटीला पैसा लागत नाही, म्हणून हे काम फुकटात झाले असे आपण समजतो. पण जे जळाले त्याला मोल होते. आता तर त्याला गिऱ्हाईकही येऊ लागले आहे. पाचटाच्या गाठी बांधणारी यंत्रे निघाली आहेत, पाचट बॉयलरमध्ये घालून वीज करता येते, त्याचा गॅस करता येतो, कोळसाही करता येतो. त्यामुळे कालपर्यंत ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्याच्यावर आज तिघे हक्क सांगत आहेत : जमीन, बॉयलर आणि आपल्या जुन्या सवयीची आग.

यापैकी आगीचा हक्क मुळातच खोटा आहे. खरा प्रश्न राहतो तो जमीन आणि बॉयलर यांच्या वाटणीचा. ही वाटणी नीट केली तर दोघांचेही भागते. चुकली तर चार पैसे हातात येतील खरे, पण रानाची ताकद गाठीत बांधून गावाबाहेर जाईल. म्हणून हा सगळा हिशोब सभासदांपुढे मांडत आहोत.

एकरी किती, आणि त्यात काय?

ढोबळ मानाने शंभर टन उसामागे आठ ते दहा टन वाळलेले पाचट निघते. म्हणजे एकरी चाळीस टनांचा फड असेल तर मागे साडेतीन-चार टन पाचट पडले असे धरायला हरकत नाही. जात, वय आणि तोडणी यांप्रमाणे थोडे कमीजास्त होईल.

या पाचटात नत्र सुमारे ०.४ ते ०.५ टक्के, स्फुरद ०.२ टक्क्यांच्या आसपास, पालाश पाऊण ते एक टक्का आणि सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के असतो. टक्केवारी ऐकून काही डोक्यात शिरत नाही, म्हणून पोत्यांत सांगतो. चार टन पाचटात सोळा ते वीस किलो नत्र आहे, म्हणजे जवळजवळ एक पोते युरिया. पालाश तीस ते चाळीस किलो आहे, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅशचे एक पोते भरून वर काही उरेल. हे सगळे एका वर्षात पिकाला मिळते असे नाही, पाचट कुजेल तसतसे मिळते. पण ते आपल्याच रानातले आहे आणि दुकानात जाऊन आणावे लागत नाही.

कर्बाची गोष्ट याहून मोठी. एकरी सव्वा ते दीड टन सेंद्रिय कर्ब पाचटात असतो. आपल्या बागायती जमिनी वर्षानुवर्षे पाणी आणि रासायनिक खत पिऊन कडक झाल्या आहेत, कित्येक ठिकाणी चोपण झाल्या आहेत. अशा जमिनीला जे हवे ते हेच. शेणखत मिळत नाही म्हणून आपण तक्रार करतो आणि चार टन सेंद्रिय माल उभ्या रानात पेटवतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

पाचट पेटले की कर्ब आणि नत्र धूर होऊन जातात. पालाश आणि स्फुरद राखेत राहतात खरे, पण राख वाऱ्यावर उडते. वरच्या थरातले जिवाणू होरपळतात, खोडव्याचे कोंब भाजतात. शेजाऱ्याचा उभा ऊस पेटला तर भांडण निराळेच, आणि जळीत उसाची कपात त्याच्या माथी.

जळण म्हणून पाचट

उसाच्या टाकाऊ भागावर उसाचाच रस आटवायचा, ही विद्या आपल्याला नवी नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणात काय जाते? चरकातून निघालेले चिपाड पटांगणात वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावरच काहील तापवायची. सोबत पाचटाच्या पेंढ्या. बाहेरून लाकूडफाटा आणावा लागला तर तो गुळव्याला कमीपणा वाटे.

साखर कारखाना म्हणजे या चुलवाणाचेच थोरले रूप. शंभर टन ऊस गाळला की अठ्ठावीस ते तीस टन बगॅस निघतो. त्यात निम्मे पाणी असते, तरी तो बॉयलरमध्ये चांगला जळतो. बॉयलरची वाफ आधी टर्बाइन फिरवते, त्यातून वीज होते. टर्बाइनमधून बाहेर पडलेली, जोर ओसरलेली वाफ मग रस आटवायला जाते. एकाच वाफेकडून दोन कामे करून घ्यायची, म्हणून याला सहवीज म्हणतात.

पूर्वीचे बॉयलर २१ किंवा ३२ किलो दाबाचे असत. त्यांच्या विजेत कारखान्याचे भागले तरी पुष्कळ. नंतर ६७, ८७ आणि ११० किलो दाबाचे बॉयलर आले. दाब आणि तापमान चढले तसे त्याच बगॅसमधून जास्त वीज निघू लागली आणि शिल्लक वीज मंडळाच्या तारेवर घालून विकता येऊ लागली. पण अडचण अशी की गळीत चालते तीन-चार महिने. साठवलेला बगॅस संपला की लाखमोलाचे टर्बाइन पुढच्या हंगामापर्यंत झाकून ठेवायचे. पाचटाकडे कारखान्यांचे लक्ष जाते ते याच कारणाने. हंगाम संपल्यावर जळण कुठून आणायचे, या प्रश्नाचे उत्तर फडातच पडलेले असते.

उष्णतेच्या बाबतीत वाळलेले पाचट बगॅसपेक्षा सरस आहे. ओल्या बगॅसच्या एका किलोतून उपयोगी पडणारी उष्णता सुमारे अठराशे किलोकॅलरी. उन्हात चांगले वाळलेल्या पाचटाची तीन हजारांच्या आसपास. आपल्या देशी कोळशाचा साधारण दर्जा चार हजार किलोकॅलरी धरला, तर एका एकरातले चार टन पाचट म्हणजे तीन टन कोळसा. चांगल्या बॉयलर-टर्बाइनवर एका युनिटला सव्वा ते दीड किलो पाचट लागते असे धरू. म्हणजे त्याच चार टनांची वीज अडीच ते तीन हजार युनिट होईल. साडेसात अश्वशक्तीचा पंप तासाला साडेपाच-सहा युनिट वीज घेतो. म्हणजे पाचशे तास पंप चालेल इतकी वीज आपण एका काडीने धुरात घालवतो. हे झाले एका एकराचे.

मग आजवर का जमले नाही?

एवढे सोपे असते तर कारखान्यांनी पाचट कधीच उचलले असते. घोडे अडते ते चार ठिकाणी.

पहिली अडचण आकारमानाची. सुटे पाचट म्हणजे नुसता फुगारा. ट्रॉली शिगोशीग भरली तरी काट्यावर टनभर भरताना मारामार. डिझेल जाळून हवा वाहून आणल्यासारखे होते. म्हणून आधी दाबून गाठी बांधाव्या लागतात. त्यासाठी पाचट ओळीत ओढणारे यंत्र, गाठी बांधणारे यंत्र, उचलून भरणारे यंत्र आणि या सगळ्यांना ट्रॅक्टर हवा.

दुसरी अडचण मातीची. पाचट जमिनीवरून ओढले की माती, ढेकळे, बारीक दगड सोबत येतात. ती माती बॉयलरच्या नळ्या घासते आणि राख वाढवते. वर, पाचटाच्या वजनात आपण माती विकतो किंवा कारखाना माती विकत घेतो, असा वाद काट्यावर उभा राहतो.

तिसरी अडचण रसायनाची. पाचटात पालाश आणि क्लोरीन बगॅसपेक्षा जास्त असतात. ऊस गाळताना हे क्षार बरेचसे रसाबरोबर निघून जातात, पाचट मात्र कधी चरकातून गेलेलेच नसते. जास्त तापमानात हे क्षार वितळतात आणि बॉयलरच्या नळ्यांवर चिकटून बसतात, भट्टीत क्लिंकर धरतो, नळ्या खराब होतात. म्हणून बगॅसवर चालणाऱ्या बॉयलरमध्ये पाचट बेताने, बारीक तुकडे करून, बगॅसमध्ये मिसळूनच घालावे लागते. जे पालाश जमिनीला अमृत तेच बॉयलरला विष, हे सभासदांनी ध्यानात ठेवावे.

चौथी अडचण साठवणीची. गाठी चार-सहा दिवस उन्हात वाळलेल्या पाचटाच्या हव्यात, ओल्या बांधल्या तर आतून तापतात आणि कुजतात. पावसाळ्यात भिजल्या तर जळण म्हणून निरुपयोगी. आणि उन्हाळ्यात गाठींच्या थप्पीला आगीचे भय कायमचे.

या अडचणी न सुटणाऱ्या नाहीत. पण त्या सोडवायला खर्च येतो, आणि तो खर्च शेवटी कोणाच्या तरी अंगावर पडतो. तो कोणाच्या, हे आधी विचारावे.

दुसऱ्यांनी काय केले?

या वाटेवर आपण पहिले नाही. आपल्याच मुलखातली दोन उदाहरणे आधी घेऊ.

पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांनी उभ्या केलेल्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेने, पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी बसविली. पद्धत अशी : पाचट पिंपात ठासून भरायचे आणि पिंपे भट्टीत ठेवून खाली थोडे पाचटच जाळायचे. पिंपातल्या पाचटाला हवा मिळत नाही, म्हणून ते पेटत नाही, नुसते तापते. त्यातून जळणारे वायू बाहेर पडतात आणि तेच भट्टी तापवत ठेवतात. मागे राहिलेली कोळशाची भुकटी खळीत मिसळून तिच्या कांड्या पाडायच्या. या कामाला २००२ साली इंग्लंडमधला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. चुलीत पाचट घातले तर भडकून क्षणात विझते आणि घर धुराने भरते, त्याच पाचटाचा कोळसा संथ आणि जवळजवळ बिनधुराचा जळतो. ज्या घरात बायाबापड्यांचे डोळे धुराने गेले, त्यांना याची किंमत सांगायला नको.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात दुसरी वाट धरली. गाठी न बांधता, वड्या न पाडता, नुसते तुकडे केलेले सुटे पाचट आणि बगॅस घालता येईल अशी गॅस भट्टी त्यांनी तयार केली. कमी हवेत पाचट अर्धवट जाळले की जळाऊ गॅस निघतो, आणि कारखान्यांच्या भट्ट्यांना तो तेलाऐवजी वापरता येतो. या भट्टीत कोळशाची भुकटीही उरते. सुट्या पाचटाच्या फुगाऱ्यावर काढलेला हा एक तोडगा होता.

आता जरा उत्तरेकडे पाहू. पंजाब-हरियाणात भात काढला की गव्हाच्या घाईने तणस पेटवतात आणि त्याचा धूर दिल्लीपर्यंत जातो. आपले पाचट आणि त्यांचे तणस ही सख्खी भावंडे. तिथे पानिपतला इंडियन ऑइलने तणसापासून इथेनॉल करण्याचा प्रकल्प उभा केला. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. वर्षाला सुमारे दोन लाख टन तणस घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची आखणी आहे. पंजाबात संगरूर जिल्ह्यात तणसापासून जैववायू करणारा मोठा प्रकल्पही त्याच वर्षी सुरू झाला. केंद्र सरकारने २०१८ साली असा वायू तेल कंपन्यांनी विकत घ्यावा अशी योजना काढली, आणि २०२१ साली औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात पाच टक्के शेतीतल्या टाकाऊ मालाच्या कांड्या मिसळाव्यात असे धोरण आखले. सांगायचे तात्पर्य, काडीकचऱ्याला आता सरकारदरबारी इंधन म्हणून मान्यता आहे.

आणि एक उदाहरण समुद्रापलीकडचे. मॉरिशस बेटावर आपल्या कोकणातून आणि देशावरून मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही राहतात. ते बेट उसावर वाढले. तिथल्या एका साखर कारखान्याने १९५७ सालीच बगॅसची वीज सार्वजनिक तारेवर घातली. पुढे तिथे मोठी सहवीज केंद्रे झाली, पण हंगामाबाहेर ती दगडी कोळशावर चालू लागली. बगॅसचे नाव आणि कोळशाचा धूर, अशी टीका झाली. आपल्या कामाची गोष्ट अशी की बगॅसपासून झालेल्या विजेचा वाटा ऊस पिकवणाऱ्यालाही मिळावा म्हणून तिथे स्वतंत्र निधीची पद्धत बसविली गेली. वीज झाली की तिचा हिशोब उत्पादकापर्यंत आला पाहिजे, हा विचार तिकडेही करावाच लागला.

बैठकीत हमखास येणारे प्रश्न

पाचट ठेवा म्हणून शेतकी खात्याने कितीही सांगितले, तरी गटाच्या बैठकीत सभासद काय म्हणतात ते ठाऊक आहे. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही.

“साहेब, पाचट ठिवलं की पाणी फिरत न्हाई. सरीत तुंबतंय, दारं मोडायची पाळी येती.”

खरे आहे. सगळ्या सऱ्यांत पाचट टाकले तर पहिले पाणी रेंगाळते. म्हणून पाचट सरीआड ठेवावे : एका सरीत पाचट, दुसरी पाण्याला मोकळी. ठिबक असेल तर हा प्रश्नच नाही. पुढच्या पाळ्यांना मात्र पाचटाखालची ओल टिकते, तण उगवत नाही आणि खुरपणीचा खर्च वाचतो.

“आबा म्हणत्यात, पाचटात उंदरं व्हत्यात, इच्चू-किरडू व्हतंय. बाया खुरपायला धजत न्हाईत.”

हेही खरे. बांध स्वच्छ ठेवणे आणि पाचट कुट्टी करून जमिनीला चिकटवणे हा त्यावर उपाय. कुट्टी झालेले पाचट लवकर दबते आणि लवकर कुजते. एकट्याला यंत्र परवडत नसेल तर सोसायटीने किंवा गटाने घ्यावे.

“एप्रिलात तुटलेला ऊस. कोरडं पाचट दोन म्हैने रानात. तारंची ठिणगी पडली तर?”

म्हणून तर तोडणी झाल्यावर थांबायचे नाही. बुडखे जमिनीलगत छाटावेत. पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे असते. कुजविणारे जिवाणू सुरुवातीला जमिनीतलाच नत्र खातात, म्हणून युरिया आधी द्यावा लागतो. तो न दिला तर खोडवा पिवळा पडतो आणि आपण पाचटाला दोष देतो.

“आन् मला खोडवा ठिवायचाच न्हाई. मोडून हरभरा करायचाय. तवा ह्या ढिगाचं करू काय?”

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वाटणीची रेघ इथेच पडते.

वाटणीची रेघ

आधी पोटोबा, मग विठोबा. जमिनीचे पोट भरल्यावर उरेल ते बॉयलरला, हा पहिला नियम.

ज्या रानात खोडवा ठेवायचा आहे, तिथले पाचट उचलू देऊ नये. कोणी कितीही दर सांगो. एक तर त्या पाचटाची खोडव्याला गरज असते. दुसरे म्हणजे गाठी बांधणारे यंत्र आणि भरलेली ट्रॉली बुडख्यांवरून फिरली की बुडखे फुटतात आणि जमीन दबते. गाठींचे पैसे हातात, आणि खोडव्याच्या टनेजमध्ये तूट, असला व्यवहार करू नये.

ज्या रानातला ऊस मोडायचा आहे आणि लगेच दुसरे पीक घ्यायचे आहे, तिथे पाचट अडचण करते. लोक पेटवतात ते बहुतकरून इथेच. तिथले पाचट उचलायला हरकत नाही, पण निम्मे तरी कुट्टी करून रानात गाडावे. हलक्या, चोपण किंवा कर्ब कमी झालेल्या जमिनीत सगळेच गाडावे. मातीपरीक्षणाचा कागद घरात असेल तो काढून पाहा आणि मग ठरवा.

तिसरा प्रकार आपण नेहमी विसरतो. रानात न लागणारा झाडोरा पुष्कळ असतो. ओढ्याकाठी, पडीक रानात, तळ्याच्या बुडात वेडी बाभूळ माजते. मूळची अमेरिकेतली ही बाभूळ विहिरीच्या वाटा अडवते, गायरान खाते, जनावरांना आणि माणसांना काटे देते. तिचे लाकूड मात्र उत्तम जळते. तमिळनाडूत काडीकचऱ्यावर चालणाऱ्या वीज केंद्रांनी याच बाभळीचे जळण पुष्कळ वापरले आहे. बांधावरची छाटणी, वाळलेल्या शेवऱ्या, तुरकाट्या, कापसाच्या पराट्या, कालव्याकाठची साफसफाई, हे सगळे बॉयलरचे किंवा कांडी कोळशाचे जळण होऊ शकते. ब्रिकेट म्हणून जो पांढरा कोळसा एम.आय.डी.सी.तल्या बॉयलरना जातो, तो अशाच मालाचा.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. कालवा, ओढा आणि वन यांवरची तोड संबंधित खात्याच्या परवानगीशिवाय करू नये. आणि वेडी बाभूळ तोडण्याच्या नावाखाली देशी बाभूळ, करंज, लिंब यांच्यावर कुऱ्हाड चालवू नये. वेडी बाभूळ तोडली तरी बुडख्यातून पुन्हा फुटते, मुळासकट काढली तरच रान मोकळे होते. गाजर गवत फुलाच्या आधी उपटून खड्ड्यात घालावे, वाळवून जळण करण्याइतका त्याला दम नाही.

दराचा प्रश्न

आता पैशाचे बोलू. बगॅस, मळी आणि प्रेसमड उसाच्या पोटातून निघतात. ऊस काट्यावर गेला की त्यांचा हिशोब ऊसदराच्या सूत्रात येतो. त्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा ऊसदर विनियमनाचा कायदा आहे आणि ७०:३० चे सूत्र सभासदांना परिचित आहे. पाचटाचे तसे नाही. शेतात राहिलेले पाचट काट्यावर जात नाही, उसाच्या बिलात त्याची दमडी येत नाही. ते सभासदाच्या मालकीचे आहे. म्हणून ते द्यायचे की नाही आणि कोणत्या दराने, हे सभासदाने ठरवायचे. कारखाना असो की बाहेरचा व्यापारी, “रान साफ करून देतो” एवढ्या बोलीवर कोणी पाचट नेत असेल, तर तो उपकार करत नाही, माल नेत आहे.

यंत्राने तोड झाली तर आणखी एक गोष्ट पाहावी. यंत्र पाचटाचे तुकडे करून काही रानात फेकते आणि काही उसाबरोबर जाते. उसाबरोबर गेलेल्या पाचटापोटी वजनातून वजावट होते. म्हणजे ते पाचट उसाच्या भावात धरत नाहीत, हे न्याय्यच. पण ते जळते मात्र कारखान्याच्या बॉयलरमध्ये, हेही सभासदाने ध्यानात ठेवावे आणि वजावट किती असावी याची चर्चा करताना मांडावे.

उद्या आपल्या गटात गाठी बांधणारे यंत्र आले तर हे प्रश्न आधी विचारावेत आणि उत्तरे कागदावर घ्यावीत :

एक, वजन कोणत्या काट्यावर, आणि पावती मिळणार का?

दोन, ओलावा आणि माती यांची वजावट कशी धरणार, आणि मोजणार कोण?

तीन, ओढणी, बांधणी, भरणी आणि वाहतूक कोणाच्या खर्चाने?

चार, यंत्र वाफसा पाहून येणार, की आपल्या सोयीने ओल्या रानात घुसणार?

पाच, निम्मे पाचट रानात राहील, ही अट मान्य आहे का?

सहा, बॉयलरची राख सभासदाला परत मिळणार का? राखेत नत्र आणि कर्ब नसतो, पण पालाश असतो. जे रानातून गेले त्यातले एवढे तरी रानात परत यावे.

सात, कारखानाच घेत असेल, तर पाचटाची रक्कम बिलात वेगळ्या ओळीत दाखवणार का?

दर पाहताना आधी खताची किंमत वजा करावी. एकरी दोन टन पाचट दिले, तर आठ-दहा किलो नत्र आणि पंधरा-वीस किलो पालाश रानातून गेले. तेवढे खत आज दुकानात किती रुपयांना मिळते ते पाहावे. मिळणारी रक्कम त्याहून चांगली वरचढ असेल तर व्यवहार. कर्बाला तर दुकानात भावच नाही, तो आपला आपण मनात धरायचा.

शेवटचे

सहकाराची सुरुवात याच हिशोबापासून झाली. ऊस आपला आणि नफा दुसऱ्याचा, हे नको होते म्हणून १९५० साली प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना सुरू केला. पुढे बगॅस, मळी, प्रेसमड एकेकाळी टाकाऊ म्हणून गेले आणि मग त्यांची किंमत कळली. पाचटाची पाळी आता आली आहे. यावेळी किंमत आधी कळावी आणि मग माल जावा, एवढीच इच्छा.

तेव्हा या हंगामात एवढे करावे. खोडव्याच्या रानात पाचट सरीआड ठेवावे, कुट्टी करून कुजवावे. मोडायच्या रानात निम्मे गाडावे आणि निम्म्याचा व्यवहार सात प्रश्न विचारून करावा. बांधाचा, ओढ्याचा, वेड्या बाभळीचा झाडोरा जळणासाठी वेगळा काढावा. पाचटाबद्दल शंका असेल तर आपल्या गटाच्या चिटबॉयकडे किंवा शेतकी कार्यालयात विचारावे, आणि दराचा विषय वार्षिक सभेत लेखी मांडावा, म्हणजे त्याला लेखी उत्तर मिळेल.

आणि काडी? ती चुलीला, देवघराला आणि बिडीला पुरे. रानाला नको.